गायकाचें मौन आणि श्रोत्यांचें ऋण

एखाद्या गायकानें भर तारुण्यांत, कीर्तीच्या ऐन माध्यान्हीं गाणें थांबविलें, तर त्यानें कोणाचा अपराध केला काय? प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटतो. गळा त्याचा, गाणें त्याचें. गावें कीं न गावें हें त्यानें ठरवावें, त्यांत तिऱ्हाइतानें बोलण्याचें कारण नाहीं, असें कोणीहि व्यवहारी माणूस म्हणेल. सुतारानें रंधा खालीं ठेवला तर आपण त्याला जाब विचारीत नाहीं. दुसरा सुतार पाहतों. परंतु एखाद्या लहान समाजानें गायकाच्या सुरांत आपलाच सूर ओळखला असेल, आपल्या मनांतली अबोल गोष्ट त्याच्या मुखानें प्रथम उच्चारली गेली असें त्या समाजाला वाटत असेल, तर त्या गायकाचें थांबणें ही केवळ त्याची खाजगी बाब राहते काय? येथें व्यवहारी माणूसहि क्षणभर घुटमळतो.

ह्या प्रश्नाचा विचार केवळ तत्त्वांच्या भाषेंत करण्यापेक्षां एका खऱ्या उदाहरणाच्या आधारानें करणें बरें. तें उदाहरण कॅनडांतील क्वेबेक प्रांताचें आहे. १९७२ च्या सुमारास मॉन्ट्रियल शहरांत ‘हार्मोनियम’ नांवाचा गायक-वादकांचा एक संच जन्मास आला. सहासात वर्षांत तो कळसास पोहोंचला आणि विराम पावला. हें नांव मराठी वाचकाला परकें नाहीं. आपली बाजाची पेटी ती हीच. आलेक्सांद्र दबँ ह्या फ्रेंच कारागिरानें १८४२ सालीं पॅरिस येथें त्या वाद्याचें पेटंट घेतलें. पुढें तें वाद्य हिंदुस्थानांत येऊन हातभात्याचें झालें, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांच्या बोटांखालीं मराठी नाट्यसंगीताशीं असें एकजीव झालें कीं त्याचें फ्रेंच कूळ आतां कोणाला आठवतहि नाहीं. मॉन्ट्रियलच्या ह्या तरुणांचा आपल्या पेटीशीं संबंध तेवढाच, म्हणजे नांवापुरता. त्यांच्या मौनाचा प्रश्न मात्र कोणत्याहि भाषेच्या रसिकाला आपला वाटावा असा आहे.

प्रथम त्या समाजाची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. क्वेबेकचे फ्रेंच लोक सतराव्या शतकापासून सेंट लॉरेन्स नदीच्या कांठीं वसलेले आहेत. १७५९ सालीं इंग्रजांनीं क्वेबेक शहर जिंकलें. १७६३ च्या पॅरिसच्या तहानें सबंध वसाहत त्यांच्या स्वाधीन झाली, आणि तेव्हांपासून इंग्रजी बोलणाऱ्या अफाट खंडांत हें फ्रेंच बेट जीव धरून राहिलें. घरांत, देवळांत व शेतावर फ्रेंच. पेढीवर, कारखान्याच्या कचेरींत व वरिष्ठ नोकरींत इंग्रजी, अशी भाषांची वांटणी तेथें फार काळ चालत आली. १९६० नंतर तेथें जें स्थित्यंतर झालें त्याला ‘शांत क्रांति’ म्हणतात. शिक्षणाचा कारभार धर्मसंस्थेच्या हातून शासनाकडे आला, वीज-कंपन्या प्रांताच्या मालकीच्या झाल्या, आणि आपण कोण, हा प्रश्न लोक उघडपणें विचारूं लागले. १५ नोव्हेंबर १९७६ रोजीं स्वतंत्र क्वेबेकचा पुरस्कार करणारा पक्ष रने लेव्हेक यांच्या नेतृत्वाखालीं निवडून आला. १९७७ सालीं फ्रेंच भाषेची सनद कायदा म्हणून मंजूर झाली. २० मे १९८० रोजीं मात्र सार्वमतांत सुमारें ६० टक्के मतदारांनीं स्वातंत्र्याच्या वाटाघाटींना नकार दिला. हार्मोनियमचें सारें आयुष्य ह्या भरतीच्या काळांत सामावलेलें आहे. ओहोटी लागली तेव्हां तो संच उरला नव्हता.

संचाचा प्राण सर्ज फिओरी. १९५२ सालीं मॉन्ट्रियल येथें त्याचा जन्म झाला. त्याचें घराणें मूळचें इटालियन. फ्रेंच क्वेबेकनें ज्याला आपला आवाज मानलें तो बाहेरून येऊन त्या भाषेंत मिसळलेल्या कुळांतला होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. भाषा रक्तानें मिळत नाहीं, जगून मिळते. १९७२ सालीं त्याची मिशेल नॉर्मांदो याच्याशीं गांठ पडली, पुढें लुई व्हालुआ येऊन मिळाला, आणि १९७४ सालीं ह्या तिघांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘हार्मोनियम’ ह्याच नांवानें निघाली. बारा तारांची गिटार, एकमेकांत मिसळणारे गळे आणि लोकगीताचा साधेपणा एवढ्यावरच तिचा भर होता. तिच्यांतील एका गीताचें नांव ‘इतक्या जणांतला एक संगीतकार’ अशा अर्थाचें आहे. ह्या नांवाकडे आपणांस पुढें परत यावें लागेल.

१९७५ सालीं दुसरी ध्वनिमुद्रिका आली. ‘आपल्याला पांचव्या ऋतूची गरज पडली तर’ असा तिच्या नांवाचा अर्थ. चार ऋतूंचीं चार गीतें, आणि पांचवा ऋतु कल्पनेंतला. त्या पांचव्या ऋतूसाठीं रचलेली ‘शब्दांवांचून कथा’ ही रचना सुमारें १७ मिनिटें चालते. तींत स्त्रीकंठ आहे, पण शब्द नाहींत. ह्या सबंध ध्वनिमुद्रिकेंत ढोलताशाचा ठेका नाहीं. बांसरी, क्लॅरिनेट, मेलोट्रॉन आणि गिटार यांच्यावरच सर्व इमारत उभी आहे. भाषेसाठीं झगडणाऱ्या लोकांनीं आपल्या हृदयाशीं धरलेली एक श्रेष्ठ कृति शब्दरहित असावी, ह्याचें प्रथम नवल वाटतें. मग वाटतें कीं ज्यांना आपली भाषा प्रिय असते त्यांनाच भाषेपलीकडचें मौनहि ऐकूं येतें. १९७६ सालीं तिसरी कृति आली. ‘ल’एप्ताद’ हें तिचें नांव, म्हणजे सप्तक. एका माणसाच्या जाणिवेच्या सात पायऱ्या त्यांत दाखविल्या आहेत. नील चोटेम यांनीं तिच्यासाठीं मोठ्या वाद्यवृंदाची रचना केली. जोड-तबकडीच्या ह्या कृतींत तिघांचा लहानसा संच कितीतरी मोठा झाला होता, आणि तो मोठा होत असतांनाच आरंभीचा सोबती नॉर्मांदो दूर झाला.

लोकगीताचा साधेपणा आणि दीर्घ, गुंतागुंतीची रचना यांचा असा संगम ज्यांत होतो त्या संगीताला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. त्याचें माहेर इंग्लंड, आणि त्याची जगभरची भाषा इंग्रजी. हार्मोनियमनें तें संगीत घेतलें, परंतु भाषा घेतली नाहीं. १९७७ सालीं सुपरट्रॅम्प ह्या इंग्रज संचाबरोबर ते युरोपांत गेले. १९७८ सालीं कॅलिफोर्नियांत गेले, आणि तेथल्या इंग्रजी श्रोत्यांपुढें फ्रेंचमध्येंच गायले. त्या प्रवासावर कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळानें बोलपट काढला. त्याच वर्षीं फिओरीनें रिशार सेगँ ह्या गायकासह एक ध्वनिमुद्रिका काढली. १९७९ सालीं क्वेबेकचे ‘फेलिक्स’ पुरस्कार प्रथमच दिले गेले तेव्हां तिचा गौरव झाला. आणि येथें हा चढता आलेख एकाएकीं तुटतो. हार्मोनियमची चौथी नवी कृति निघाली नाहीं. फिओरी तेव्हां अवघा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. १९८६ सालीं त्याची एकट्याची ध्वनिमुद्रिका आली. नंतर इतरांसाठीं व चित्रपटांसाठीं काम, मंत्रगायनाच्या कांहीं मुद्रिका, आणि स्वतःच्या नव्या गीतांचा संग्रह २०१४ सालीं. रंगमंचाच्या नेहमीच्या मैफलींकडे तो परतला नाहीं. रंगमंचाचें भय आणि मनाचा थकवा यांविषयीं तो स्वतः पुढें उघडपणें बोलला आहे.

आतां मूळ प्रश्न. प्रथम पूर्वपक्ष मांडूं, आणि तो दुबळा करून मांडूं नये.

आपल्या शास्त्रकारांनीं सांगितलें आहे कीं मनुष्य जन्मतःच ऋणी असतो: देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा. ह्यांतील ऋषिऋण म्हणजे ज्ञानाचें ऋण. जें शिकलों तें पुढें दिल्यावांचून तें फिटत नाहीं. गायकाला हें विशेषच लागू पडतें. त्याची भाषा त्यानें निर्माण केली नाहीं. दोनशें वर्षें इंग्रजी राज्यांत राहूनहि ज्या आयांनीं मुलांना फ्रेंचमध्येंच अंगाईगीतें म्हटलीं, त्यांनीं ती राखली म्हणून त्याला गातां आलें. शिवाय, मोठ्या भाषेंत एक गायक गेला तर दहा उभे राहतात. लहान भाषेंत जागा रिकामी राहिली कीं तेथें शेजारची बलाढ्य भाषा येऊन बसते. इंग्लंडांतला एखादा गायक थांबला तर इंग्रजीचें कांहीं बिघडत नाहीं. क्वेबेकचा थांबला तर त्याच्या तरुण श्रोत्याच्या हातीं दुसऱ्या दिवशीं इंग्रजीच तबकडी येणार. मग अशा गायकानें ‘माझा गळा, माझी मर्जी’ म्हणणें, हें वेढा पडलेल्या गडावरील पहारेकऱ्यानें झोप येते म्हणून चौकी सोडण्यासारखें नाहीं काय?

हा युक्तिवाद भारदस्त आहे. तथापि तो नीट तपासला म्हणजे त्याच्या पोटांत दोन निरनिराळ्या गोष्टी एक करून टाकल्या आहेत असें दिसतें. पहारेकरी चौकीवर जातो तो शपथ घेऊन. पहाटेपर्यंत उभें राहण्याचें वचन त्यानें दिलेलें असतें. गायकानें असें वचन कोणाला दिलें? लोकांनीं त्याच्यावर प्रेम केलें, त्याला आपला म्हटलें, हें खरें. परंतु प्रेम करणाऱ्यानें एकतर्फीं केलेलें प्रेम हा ज्याच्यावर प्रेम केलें त्याचा करार होत नाहीं. ज्यांना खरोखर शब्द दिला त्यांचा हक्क निराळा, आणि माझ्या मतें तो लोकांच्या हक्कापेक्षां मोठा आहे. बरोबरचे वादक, भागीदार, ज्यांनीं आपलें पोट त्याच्या गाण्यावर टांगलें, त्यांना न विचारतां उठून जाणें हा दोष ठरूं शकतो. पण तो दोष चार माणसांशीं केलेल्या व्यवहाराचा. एका राष्ट्राशीं केलेला द्रोह हें त्याला नांव देतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ऋण फेडावें हें मान्य, परंतु कशानें? पैशाचें ऋण पैशानें फिटतें, कारण एक रुपया दुसऱ्यासारखाच असतो. गाण्याचें तसें नाहीं. ज्या गाण्याच्या मुळाशीं गाण्याची ओढ नाहीं, केवळ लोकांची मागणी आहे, तें गाणें वरून हुबेहुब पूर्वीसारखें असलें तरी खोटें नाणें होय. लोकांनीं ज्या खरेपणासाठीं त्याला आपला आवाज मानलें, तो खरेपणाच गहाण टाकून त्यानें लोकांना गाणीं पुरवीत राहावें, असें म्हणणें म्हणजे ऋण फेडण्यासाठीं चोरी करावयास सांगणें आहे. भयानें कांपणाऱ्या माणसाला प्रकाशझोतांत ढकलून त्याच्याकडून राष्ट्राचा उत्साह वदवून घेणारा समाज स्वतःच्या उत्साहाविषयीं साशंक असला पाहिजे.

याला दाखले आहेत. जां सिबेलियस हा फिनलंडचा संगीतकार तर प्रत्यक्ष सरकारी वर्षासनाचा धनी होता. १८९७ पासून तें त्याला मिळत होतें. रशियाच्या सत्तेखालीं असलेल्या त्या लहान देशाला त्याच्या ‘फिनलंडिया’नें आवाज दिला. १९२६ सालच्या ‘तापिओला’ ह्या कृतीनंतर तो १९५७ पर्यंत जगला, परंतु तिच्या तोडीची मोठी कृति त्यानें पुन्हां जगापुढें ठेवली नाहीं. आठव्या सिंफनीची वाट पाहून लोक थकले, आणि तिचे कागद त्यानें आगींत टाकले. जर कोणाला हिशेब मागतां आला असता तर तो सिबेलियसला. पण त्याच्या देशबांधवांनीं तो मागितला नाहीं. त्या मौनांत त्यांना फसवणुकीऐवजीं कसोटी दिसली असावी: जें उतरलें नाहीं तें उतरल्याचें सोंग त्यानें केलें नाहीं. टोरोंटोचा पियानोवादक ग्लेन गूल्ड यानें १९६४ सालीं सार्वजनिक मैफली कायमच्या सोडल्या, मात्र १९८२ सालीं मरण येईपर्यंत तो ध्वनिमुद्रण करीत राहिला. तो रंगमंच सोडून गेला, कला सोडून गेला नाहीं. फिओरीचें मौन ह्या दोघांच्या मध्यें कोठेंतरी पडतें.

येथपर्यंत गायकाची बाजू घेतली. आतां त्याच्यावरहि कांहीं बंधन राहतें तें सांगितलें पाहिजे, नाहीं तर न्याय एकांगी होईल. थांबण्याचा अधिकार आहे. आपण जें दिलें तें परत घेण्याचा मात्र नाहीं. एकदां लोकांच्या ओठांवर गेलेलें गीत लोकांचें झालें. त्याला कमी लेखणें, तें गाणाऱ्या तरुणांची वाट अडविणें, ‘तें माझें बालिश खूळ होतें’ म्हणून ऐकणाऱ्यांच्या आठवणींचा उपहास करणें, हा अपराध आहे. फिओरीवर हा आरोप ठेवतां येत नाहीं. २०१९ सालीं सर्क एलुआझ ह्या सर्कस-मंडळीनें त्याच्या गाण्यांवर खेळ उभारला. २०२० सालीं मॉन्ट्रियलच्या सिंफनी वाद्यवृंदानें हार्मोनियमच्या रचना नव्यानें मांडल्या, आणि त्या मुद्रिकेला नांव दिलें तें त्या शब्दरहित पांचव्या ऋतूचेंच. ज्यानें स्वतः गाणें थांबविलें त्याचें गाणें इतरांच्या हातून चालू राहिलें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चरित्राला ‘वाटेंतून स्वतःला दूर करणें’ अशा अर्थाचें नांव आहे. अहंकार आड येतो म्हणून तो बाजूला करावा, असा त्याचा एक अर्थ. मला त्यांत दुसराहि दिसतो: गाणें पुढें जावें म्हणून गायकानेंहि कधीं कधीं वाटेंतून सरकावें लागतें.

मग लोकांच्या ऋणाचें काय? माझ्या समजुतीप्रमाणें हें ऋण आपण उलट्या खात्यांत लिहीत आलों. ज्यानें दिलें त्याच्याकडे थकबाकी दाखवितों, आणि ज्यांनीं घेतलें ते सावकार होऊन बसतात. वस्तुतः ऐकणारा ऋणी आहे. हें ऋण गायकाला आणखी गावयास लावून फिटत नाहीं. जें ऐकलें त्यामुळें स्वतः कांहीं करण्यानें फिटतें. क्वेबेकची भाषा जर टिकली असेल तर ती एका संचाच्या तीन ध्वनिमुद्रिकांनीं टिकलेली नाहीं. बाहेरून येणाऱ्या कुटुंबांचीं मुलें फ्रेंच शाळांत बसावीं, कामकऱ्याला कारखान्यांत आपल्या भाषेंत हुकूम मिळावा, दुकानाची पाटी फ्रेंच असावी, यासाठीं १९७७ च्या सनदेनें जें नीरस, चिवट, रोजचें काम मांडलें, आणि असंख्य अनाम माणसांनीं जें केलें, त्यानें ती टिकली. त्या कामाला टाळ्या पडत नाहींत. म्हणूनच तें काम टाळून सगळा भार एका गळ्यावर टाकण्याचा मोह समाजाला होतो. सभागृहांत रोमांच उभे राहिले कीं कर्तव्य झालें असें वाटूं लागतें. मग तो गळा थांबला कीं आपल्याला अनाथ झाल्यासारखें होतें. आणि ह्या पोरकेपणाचें मूळ पुष्कळदां आपल्याच आळसांत असतें.

म्हणून त्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंतील गीताच्या नांवाकडे मी परत येतों. ‘इतक्या जणांतला एक संगीतकार.’ बावीस वर्षांच्या मुलानें आरंभींच आपली जागा सांगून ठेवली होती. लोकांनीं तें गीत डोक्यावर घेतलें, त्याचें नांव मात्र मनावर घेतलें नाहीं. आणि ‘इतक्या जणांतला’ हा शब्द पुसून ‘एक’ तेवढा ठेवला. ह्यांत लोकांचें प्रेम होतें, पण त्या प्रेमांत थोडा जुलूमहि होता. ज्याला आपण राष्ट्राचा आवाज म्हणतों त्याला आपण एक मोठी पदवी देतों, आणि त्याच वेळीं साध्या माणसाचा एक हक्क, थकण्याचा हक्क, त्याच्याकडून काढून घेतों.

सर्ज फिओरी २४ जून २०२५ रोजीं, वयाच्या ७३ व्या वर्षीं वारला. २४ जून हा क्वेबेकचा राष्ट्रीय सण, संत योहानाचा दिवस. त्या दिवशीं गांवोगांव लोक फ्रेंच गाणीं गातात, आणि त्यांत हार्मोनियमचींहि गाणीं असतात. ह्या योगायोगांत दैवी संकेत शोधण्याचें कारण नाहीं. परंतु त्या दिवशींहि लोक गात होते, हें सत्य आहे. गेलीं कित्येक वर्षें ते त्याच्यावांचूनच गात आले होते. तो गप्प राहिला म्हणून त्यांचें गाणें थांबलें नव्हतें. तो जिवंत होता तेव्हांहि तें त्यांनाच म्हणावें लागत होतें. गायक आपलें देणें देऊन गेला. पुढचें गाणें म्हणण्याचें ऋण ऐकणाऱ्यांकडे उरलें आहे, आणि तें दुसऱ्या कोणाला फेडतां येणार नाहीं.